आधी सावली, मग पान

शाळेतल्या भूगोलात माणदेशाची ओळख एका सामासिक शब्दाने करून दिली जाते : पर्जन्यछायेचा प्रदेश. या शब्दातला विरोधाभास आपल्या सहसा ध्यानात येत नाही. ज्या मुलखात दुपारच्या वेळी माणसाला आणि मेंढराला उभे राहायला सावली शोधावी लागते, त्या मुलखाच्या नावात तेवढी छाया आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तेच ढग पूर्वेकडे सरकत माणगंगेच्या काठी आटपाडीला पोहोचेपर्यंत रिते होऊन जातात. तेथे वर्षाची सरासरी पाचशे मिलिमीटरलाही पोहोचत नाही. डोंगराने पाऊस अडवला म्हणून पडलेली ही छाया आहे आणि ती थंडावा देत नाही.

अशा मुलखाच्या निमित्ताने सावलीतील बागेचा इतिहास सांगायला घ्यावा, हे वाचकांना काहीसे विपरीत वाटेल. परंतु सावली ही निसर्गतः मिळणारी वस्तू नसून ती माणसाने लावावी, राखावी आणि वाटून घ्यावी लागते, हे जितके आटपाडीच्या उघड्या माळावर कळते तितके दाट वनराईत कळत नाही. म्हणून आरंभ आटपाडीपासून करून, सांगली जिल्ह्यातील पानमळे आणि आपल्या वसईच्या वाड्या यांच्याकडे वळावे, असे आम्ही योजिले आहे.

सावलीत वाढणाऱ्या रुंद पानांच्या वनस्पतींचे वेड जगाला नवे नाही. युरोप आणि अमेरिकेतील घरबागांत झाडांच्या छायेत होस्टा नावाची वनस्पती हौसेने लावली जाते. तिला फुले येतात. पण बागवानाचा जीव तिच्या पानांत असतो. काही जातींची पाने सुपाएवढी होतात. चीन, कोरिया आणि जपान ही तिची मायभूमी. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाउस होस्ट यांच्या स्मरणार्थ लिओपोल्ड ट्राटिनिक यांनी 1812 साली तिला हे नाव दिले. पुढे नागासाकीच्या बंदरातील देजिमा बेटावर 1823 पासून काही वर्षे डच वखारीचे वैद्य म्हणून राहिलेल्या फिलिप फ्रान्झ फॉन सिबोल्ड यांनी जपानातून नेलेल्या रोपांनी युरोपातील सावलीच्या बागा समृद्ध केल्या. ही वनस्पती दख्खनमध्ये रुजवण्याचा खटाटोप मात्र व्यर्थ ठरतो. तिला दर हिवाळ्यात कित्येक आठवडे कडाक्याच्या थंडीत निजावे लागते, आणि तेवढी थंडी आपल्याकडे पडत नाही. म्हणजे केवळ छाया पुरेशी नसते. प्रत्येक पानाला आपापल्या देशाची छाया लागते.

आपल्या देशाच्या सावलीचे पान कोणते, याचे उत्तर घराघरांत ठाऊक आहे. परसातल्या मोरीच्या पाण्यावर वाढणारा अळू हे गरिबाच्या सावलीचे पान, आणि नागवेलीचे पान हे मानाचे. ‘विडा उचलणे’ हा वाक्प्रचार शूराच्या प्रतिज्ञेसाठी भाषेत रूढ झाला, यावरून या पानाची सामाजिक प्रतिष्ठा लक्षात यावी. संस्कृतात त्याला तांबूल आणि नागवल्ली ही नावे आहेत. आपण त्याला नुसते ‘पान’ म्हणतो. जणू बाकीची सारी पाने त्याच्यापुढे गौण आहेत. गोव्यात राहिलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी 1563 साली गोव्यातच छापल्या गेलेल्या आपल्या औषधीविषयक ग्रंथात या पानाची चर्चा केली आहे. पोर्तुगीजांनी या देशात प्रथम पाहिली ती मलबारची भूमी, म्हणून त्यांच्या तोंडी मलबारी नाव बसले, असा खुलासा त्यांनी केला आहे. त्याच नावावरून पुढे युरोपीय भाषांत या वेलीचे नाव रूढ झाले.

ही वेल मुळात मलायाच्या बाजूच्या ओल्या अरण्यांतली मानली जाते. मोठ्या वृक्षांच्या छायेत, त्यांच्या खोडाला बिलगून वाढणे हा तिचा स्वभाव. तिची नरवेल वेगळी, मादीवेल वेगळी. आणि लागवड बियांपासून न करता वेलीच्या कांड्यांपासून करतात. इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट मोलाची वाटावी. आज एखाद्या मळ्यात डोलणारी वेल ही नव्या बियाणाची संतती नसते. जुन्या मळ्यातील वेलीचा तो तुकडाच असतो, आणि ती जुनी वेल तिच्याही आधीच्या वेलीचा. पिढ्यानुपिढ्या माणसे बदलली, राज्ये बदलली, वेल मात्र हातातून हातात तीच चालत आली.

ज्या प्रदेशात ओले अरण्य नाही तेथे या वेलीसाठी अरण्य निर्माण करावे लागते. पानमळा म्हणजे असे माणसाने लावलेले अरण्य. सांगली जिल्ह्यात मिरजेच्या पूर्वेस बेडग, आरग, नरवाड, मालगाव या गावांची पानमळ्यांसाठी ख्याती आहे. तेथील मळ्याची रीत पाहिली म्हणजे शेतकऱ्याच्या दूरदृष्टीचे नवल वाटते. तो आधी वेल लावीत नाही. आधी शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांसारखी झपाट्याने वाढणारी झाडे ओळीने लावतो. ती काही महिन्यांत डोक्याच्या वर जातात. मग त्यांच्या बुडाशी वेलीची कांडी रोवली जाते. तीच झाडे वेलीचा आधार होतात आणि तीच तिची छत्री. वाऱ्याचा मारा होऊ नये म्हणून भोवती केळी किंवा दाट कुंपण असते. सावलीचेही मोजमाप असते. पावसाळ्यात अंधार दाटला तर वेलीला रोग जडतो, म्हणून आधाराच्या झाडांची छाटणी करून ऊन आत घ्यायचे. उन्हाळ्यात फांद्या वाढू देऊन ऊन बाहेर ठेवायचे. पाणी थोडे, पण वरचेवर. पाणी साचले की बुडखा कुजतो आणि सबंध मळा मर रोगाने हातचा जातो.

वेल वाढत जाते तसतशी ती हाताने आधाराला बांधावी लागते, आणि हे काम हलक्या हाताचे आहे. खालची पाने खुडत गेल्यावर वेलीचा तळ उघडा पडतो आणि शेंडा हाताबाहेर उंच जातो. तेव्हा वेल सोडवून खाली घेतात, तिचा पाने नसलेला भाग वेटोळे करून मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा आधाराला चढवतात. या कामाला ‘उतरण’ म्हणतात. पुरलेल्या कांड्यांना नवी मुळे फुटतात आणि वेल नव्या जोमाने वर निघते. वर्षानुवर्षे एकच वेल अशी उतरत आणि चढत राहते. पानमळ्यात पायताण घालून जाऊ नये, ही जुनी शिस्त आहे. त्यात श्रद्धेचा भाग आहे, आणि बाहेरच्या मातीतून रोग येऊ नये हा व्यवहारही आहे. मळा हा देवघरासारखा राखावा लागतो, कारण एका माणसाच्या निष्काळजीपणाने अनेकांची वर्षांची मेहनत वाया जाऊ शकते.

मग असा मळा आटपाडीच्या माळावर का पसरला नाही? उत्तर एका शब्दात देता येते : पाणी. पानमळ्याला उन्हाळ्यातही न आटणारी विहीर हवी. माणदेशात विहीर खोल, पाणी थोडे, आणि तेही माणसांना व जनावरांना प्रथम. तेथील शेतकऱ्याने बाजरी आणि ज्वारी पिकवली, खिल्लार बैल जोपासले, आणि धनगराने मेंढरे घेऊन पाण्याच्या मागे वाट धरली. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत भरणारा जनावरांचा बाजार हे या अर्थव्यवस्थेचे चित्र आहे. बागायती मुलखातील मळेकऱ्यांशी या कोरड्या मुलखाचे नाते मात्र तुटलेले नव्हते. माणदेशातून खाली उतरलेली मेंढरे बागायतदाराच्या रानात बसवली जात, आणि त्यांच्या लेंडीखतावर दुसऱ्याची शेते हिरवी होत. ज्यांच्या स्वतःच्या गावी सावली नव्हती, त्यांच्या कळपांनी दुसऱ्यांच्या सावलीला खत पुरवले.

या कोरडेपणाचा लेखाजोखा मराठी साहित्याने निष्ठेने ठेवला आहे. ग. दि. माडगूळकरांचा जन्म 1919 साली आटपाडी परिसरातील शेटफळ्याचा. त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर माडगूळ्याचे. ‘तराळ-अंतराळ’कार शंकरराव खरात 1921 साली आटपाडीतच जन्मले. व्यंकटेश माडगूळकरांच्या 1955 मधील ‘बनगरवाडी’ कादंबरीत दुष्काळाने एक सबंध वाडी उठून जाते. खरातांच्या लेखनात त्याच गावाच्या वेशीबाहेरची वस्ती भेटते, जिच्या वाट्याला गावातल्या झाडाखालची सावलीदेखील बरोबरीने येत नव्हती. पाण्याच्या आणि सावलीच्या वाटपाचा प्रश्न हा तेथे केवळ निसर्गाचा कधीच नव्हता.

आटपाडी हा स्वातंत्र्यापूर्वी औंध संस्थानाचा भाग होता. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे चित्रकार, सूर्यनमस्काराचे प्रचारक आणि विचाराने पुरोगामी. 1939 साली त्यांनी महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून सत्ता प्रजेच्या हाती सोपवली. या कामात राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि वॉर्सा येथे एका यहुदी घरात जन्मलेले पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांचा मोठा वाटा होता. याच सुमारास आटपाडीजवळच्या माळावर स्वतंत्रपूर वसले. ते एक कारागृह होते; पण त्याला भिंत नव्हती. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या बंद्यांना तेथे आणून जमीन कसायला दिली गेली, आणि त्यांना आपल्या कुटुंबासह राहता येऊ लागले. दगडगोट्यांचा तो माळ त्यांनी स्वतःच्या कष्टाने लागवडीखाली आणला. संस्थान 1948 साली विलीन झाले, प्रथम दक्षिण सातारा आणि 1960 पासून सांगली या नावाने जिल्हा ओळखला जाऊ लागला. परंतु ही वसाहत राज्याच्या कारागृह विभागाने पुढे चालू ठेवली.

व्ही. शांताराम यांचा 1957 मधील ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला. त्याची कथा आटपाडीच्याच मातीतल्या ग. दि. माडगूळकरांची. सहा खुनी कैदी आणि एक जेलर ओसाड जमिनीतून भाजीपाला पिकवतात, ही ती कथा. 1958 साली बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला, तेव्हा त्याला आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचाही पुरस्कार मिळाला, ही गोष्ट आमच्या वाचकांना आवर्जून सांगावीशी वाटते. क्षमा आणि श्रम यांचा तो मेळ त्या परीक्षकांना आपला वाटला असावा. पानमळ्याची रीत येथे माणसांना लावलेली दिसते. आधी विश्वासाची सावली उभी केली, मग तिच्या आधाराने माणूस वर आला. पीक आले तर सावली देऊ, असा उलटा व्यवहार कोणी केला असता, तर तो माळ ओसाडच राहिला असता.

आता ज्या पानवेलीशी आपल्यापैकी अनेकांच्या घरांचा संबंध आहे, तिच्याकडे वळू. वसईत परिस्थिती आटपाडीच्या अगदी उलट. दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, हाताला लागेल असे विहिरीचे पाणी, पावसाचे पाणी साठवणारी बावखले, आणि समुद्राचा दमट वारा. 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. या दोन्ही राजवटींत आणि नंतरच्या इंग्रजी अमदानीतही वसईचा बागायतदार आपली वाडी शिंपत राहिला. केळी, नारळ, सुपारी आणि त्यांच्या छायेत पानवेल, हे त्या वाडीचे रूप. किल्ल्यावरची निशाणे बदलली. वाडीतला रहाट फिरत राहिला. 1867 साली विरारहून मुंबईकडे आगगाडी धावू लागली, आणि वसईची केळी, भाजी, फुले व पाने शहराच्या बाजारात रोजच्या रोज पोहोचण्याची सोय झाली.

आमच्या सामवेदी आणि इतर बागायतदार समाजाच्या घरांची शिक्षणे, लग्ने आणि दुखणी या वाड्यांनी निभावली. वाडीतल्या कामात घरातील सर्वांचा हात असे. पुरुषांनी शिंपण करावे, बायकांनी पाने निवडावीत आणि जुळवावीत, मुलांनी शाळेला जाण्यापूर्वी हाताशी लागावे. सावलीच्या शेतीला यंत्र फारसे चालत नाही. तिला घर लागते.

ही घडी विस्कटली ती अनेक कारणांनी. फाळणीने आणि नंतरच्या युद्धांनी उपखंडातील पानांच्या बाजाराचे तुकडे केले. बंगालच्या पानाची स्पर्धा वाढली. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गुटख्याच्या पुड्या आल्या आणि पानाशिवायच सुपारी व तंबाखू तोंडात जाऊ लागली. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली सुपारी आणि विड्याचे चघळणे हे तंबाखूविनाही कर्करोगास कारण ठरते, असे जाहीर केले आहे. वेलीच्या बागेवरील प्रेमापोटी विड्याच्या व्यसनाचे समर्थन कोणी करू नये. दोष मळेकऱ्याच्या कष्टांचा नाही, पण बाजारपेठ आक्रसण्यामागे हेही एक सत्य आहे.

सर्वांत मोठा घाव मात्र जमिनीच्या भावाने घातला. मुंबई उत्तरेकडे सरकत आली, विहिरींचे पाणी टँकरने उपसले जाऊ लागले, बावखले बुजली, आणि जी वाडी पाच पिढ्यांनी सावलीत ठेवली होती ती एका व्यवहारात उघडी पडू लागली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने याविरुद्ध लोकांना उभे केले. धमक्या आल्या, मोर्चे निघाले, न्यायालयाची पायरी चढावी लागली. पश्चिम पट्ट्यातील हिरवाई जेवढी टिकली, तिच्यात या आंदोलनाचा वाटा आहे. 2009 साली वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा गावांच्या अस्तित्वाचा प्रश्न पुन्हा पेटला. फादर दिब्रिटो 2024 च्या जुलै महिन्यात निवर्तले. त्यांच्यामागे उरलेली वाडी राखणे हे आता शोकसभेने होणारे काम राहिलेले नाही.

पवित्र शास्त्रातील योनाची गोष्ट या संदर्भात आठवते. निनवेबाहेर बसलेल्या संदेष्ट्यावर देवाने एका रात्रीत वाढलेल्या वेलीची सावली धरली, आणि पहाटे एका किड्याने ती वेल मारली. योना वेलीसाठी हळहळला. तेव्हा देवाने त्याला सुनावले की, जिच्यासाठी तू श्रम केले नाहीस तिच्याबद्दल तुला एवढे दुःख, तर त्या मोठ्या नगरातील माणसांची कीव मला येऊ नये काय? ही गोष्ट सहसा पश्चात्तापाच्या काळी वाचली जाते. सावली राखणाऱ्यांनीही ती वाचावी. आमच्या हाती आलेली वाडी आम्ही लावलेली नाही. ती आयती मिळालेली सावली आहे. ती गेल्यावर हळहळणे सोपे असते.

इकडे आटपाडीत गेल्या तीन दशकांत इतिहासाने वेगळे वळण घेतले. 1993 साली नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर आदींच्या पुढाकाराने आटपाडीत कृष्णा खोऱ्यातील तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरली. त्यांची मागणी केवळ ‘आम्हाला पाणी द्या’ एवढीच नव्हती. पाणी समन्यायाने वाटले जावे आणि भूमिहीनाच्या घरालाही त्याचा हक्क असावा, असा तो आग्रह होता. कऱ्हाडजवळ कृष्णेचे पाणी उचलणारी टेंभू योजना पुढे टप्प्याटप्प्याने आटपाडी तालुक्यात पोहोचली, आणि कालव्याऐवजी बंदिस्त नळांतून पाणी देण्याचा मार्ग तेथे स्वीकारला गेला. यात पाण्याची गळती व वाफ कमी होते आणि वाटप मोजता येते. ठिबकावर वाढलेल्या डाळिंबांनी तालुक्याचे नाव दूरवर नेलेच होते. आता त्याच्या जोडीला नवे पाणी आले.

नव्या पाण्याबरोबर नवा मोहही येतो. पाणी दिसले की ऊस लावावा, ही आपल्या नदीकाठांची सवय आहे, आणि ऊस एकट्यानेच सारे पाणी पिऊन टाकतो. आटपाडीच्या माणसांनी समन्यायाचे तत्त्व जपले, बांधावर कडुनिंब, शेवगा, हादगा वाढू दिले, तर त्या माळावर प्रथमच राखीव सावली उभी राहील. आमचा असा आग्रह नाही की तेथे पानमळेच व्हावेत. परंतु पानमळ्यातील क्रम मात्र त्यांनी आणि आम्हीही ध्यानात ठेवावा.

हा क्रम एवढाच आहे, की सावली आधी लावायची असते आणि तिचा लाभ नंतर. माणदेशाने सावली नसल्याचे दुःख भोगले म्हणून तेथे पाण्याच्या वाटपाचा विचार इतक्या निकराने झाला. वसईला सावली वारशाने मिळाली म्हणून तिचे मोल कळायला आम्हाला उशीर लागला. आपल्या ज्या कुटुंबांकडे अद्याप वाडी आहे, एखादे बावखल आहे, विहिरीवर जुना रहाट पडून आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांकडून वाडीची रीत लिहून घ्यावी. कोणत्या झाडाखाली काय लावत, पाणी कधी देत, छाटणी कधी करीत, हे सारे. आणि शक्य असेल तेथे एक कांडी रोवावी. वेलीची एखादी जुनी जात मळ्यातून गेली, की तिचे बी कोठल्याही दुकानात मिळत नाही. ती फक्त दुसऱ्याच्या वाडीत जिवंत असली तरच परत आणता येते.